तांब्यातली खिडकी

ऑफिसात त्याला मिलिमीटर म्हणत. दोन तारांमधलं अंतर केसाएवढं चुकलं तरी त्याला जेवण जात नसे. सर्किट बोर्डवर तांब्याच्या तारा आखणं हा त्याचा धंदा. आज मात्र तो आईच्या खाटेशी, इस्पितळाच्या स्टुलावर बसला होता. डोक्याशी मॉनिटर होता, त्याच्याच कंपनीचा आणि त्यानेच आखलेला.

"तू कशाला थांबलास?" आई गुंगीत पुटपुटली. कालच तिचं ऑपरेशन झालं होतं. "मशीन आहे की बघायला."

"मशीनवर भरवसा नको गं ठेवूस."

"मग बनवतोस कशाला मेल्या?" एवढं बोलून ती झोपली.

या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी होतं, पण ते आईला सांगण्याजोगं नव्हतं.

या मॉनिटरमध्ये छातीचे ठोके मोजणारा बोर्ड खाली आणि पडद्याचा बोर्ड वर. मध्ये तारांची जोडी. या जोडीचं वागणं दोन जावांसारखं: एक 'हो' म्हणाली की दुसरी त्याच क्षणी 'नाही' म्हणते, आणि ऐकणारा दोघींतला फरक तेवढा टिपतो. दोघींखाली तांब्याचा सलग पत्रा लागतो. तारांची रुंदी, मधलं अंतर आणि खालचा पत्रा हे सगळं शेवटपर्यंत एकसारखं राहिलं, तर संदेश बिनबोभाट पोहोचतो. या सगळ्यावरून संदेशाला वाटेत जो अडथळा ठरतो, त्याला या धंद्यातले लोक इम्पीडन्स म्हणतात. तो मध्येच बदलला, की संदेशाचा थोडा भाग तिथूनच उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर आदळतो. अरुंद जिन्यात एकाला विसरलेली छत्री आठवावी, तसं.

मिलिमीटरने पत्रा सलग ठेवला होता. पण शेवटच्या दिवशी साहेबांना वाटलं, की कंपनीचं चिन्ह बोर्डातून आरपार उजळावं. त्यासाठी पत्र्यात नखाएवढी खिडकी कापावी लागणार होती, नेमकी त्या जोडीखाली.

"साहेब, तिथे इम्पीडन्स चढेल."

"किती?"

"बऱ्यापैकी. थंड असेल तोवर चालेल. तापलं की काठावर येईल."

"काठावर म्हणजे अजून आतच ना?" साहेबांनी विचारलं. युक्तिवाद बिनतोड होता. मिलिमीटरने खिडकी कापली आणि अहवालात लिहिलं, 'मर्यादेत आहे'. आयुष्यात त्याने लिहिलेलं हे एकच ढोबळ वाक्य.

साहेबांची आणखी एक सूचना पडद्याच्या बोर्डात घातली होती. संदेश बिघडला तर पडदा काळा होऊ नये, नातेवाईक घाबरतात. संदेश सुधारेपर्यंत शेवटचे चांगले ठोकेच पुन्हा पुन्हा दाखवावेत.

दुपारचे तीन वाजले होते. वातानुकूलन सकाळपासून बंद होतं आणि खिडकीतलं ऊन सरकत सरकत मॉनिटरच्या पाठीवर आलं होतं. आकडा होता अठ्ठ्याहत्तर. हिरवी लाट छान चालली होती. मिलिमीटर लाट बघत बसला, सवयीने मोजत.

पाचव्या ठोक्याच्या उतारावर एक बारीकसा खळगा होता. पुढचे चार साफ. पाचव्याला पुन्हा खळगा. पुन्हा चार साफ. पुन्हा खळगा, त्याच जागी, तेवढाच.

माणसाचं काळीज इतकं नेमकं कधी चालत नाही.

त्याने मॉनिटरला हात लावला. पाठ चांगलीच तापली होती. मग आईचं मनगट धरलं. नाडी आधी सापडेचना. स्वतःच्याच बोटांतली नाडी इतकी उडत होती, की कोणता ठोका कोणाचा ते कळेना. मग सापडली. एक. बराच वेळ काही नाही. दोन. घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरला तेव्हा मोजणी एकेचाळीसवर होती. पडदा अठ्ठ्याहत्तर म्हणत होता.

"सिस्टर!"

सिस्टर सावकाश आल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे घाबरट मुलगे पुष्कळ पाहिले होते.

"काय झालं? बघा की, आकडा किती स्थिर आहे. तासभर हललेला नाही."

"तेच तर! हे मशीन खोटं बोलतंय."

"इंजिनियर आहात का?" हा प्रश्न त्यांनी 'दारू पिता का?' या सुरात विचारला.

आता सांगितलं तर नोकरी जाणार, शिवाय अहवालावर सही त्याचीच होती.

"हे मीच बनवलंय, सिस्टर. यात चूक आहे, आणि ती मला तेव्हाच माहीत होती. हात धरून बघा तिचा."

सिस्टरांनी मनगट धरलं. पहिल्या दहा सेकंदांत त्यांचा चेहरा बदलला, आणि पुढचं सगळं धावतच झालं. कोपऱ्यातून जुना, पिवळा पडलेला मॉनिटर ढकलत आणला. तारा लावताक्षणी तो एकोणचाळीस दाखवत किंचाळू लागला. डॉक्टर आले, इंजेक्शन गेलं. मिलिमीटर भिंतीला टेकून आकड्याकडे बघत राहिला. त्रेचाळीस. बावन्न. एकसष्ट.

"केवढा गोंगाट," आई डोळे न उघडता म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "अजून पंधरा मिनिटं गेली असती तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मिलिमीटरला रडू येणार होतं, तेवढ्यात त्याची नजर वॉर्डभर फिरली. दोन्ही रांगांत खाटा, आणि प्रत्येकीच्या डोक्याशी तेच नवं मशीन. बहात्तर. ऐंशी. शहात्तर. सगळे आकडे गुणी मुलांसारखे बसलेले. नातेवाईक निर्धास्त पेंगत होते.

"सिस्टर, ही नवी मशीनं एकूण किती आहेत?"

"इथे चौदा. वर लहान मुलांच्या वॉर्डात नऊ."

"आणि जुनी?"

"बाकीची गेल्याच आठवड्यात भंगारात दिली. हे एवढं एकच राहिलं होतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सिस्टर पलीकडच्या रांगेकडे जवळजवळ पळतच निघाल्या. मिलिमीटर शेजारच्या खाटेपाशी गेला. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ झोपले होते, पडद्यावर चौऱ्याहत्तर. त्याने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत पहिल्या ठोक्याची वाट पाहू लागला.