चार तासांवरचे कालवण

मित्रांनो, हा निळ्या पत्र्याचा, रुंद तोंडाचा म्हातारा तुमच्याशी बोलतो आहे. लोक मला थर्मास म्हणतात. खरे तर माझ्या पोटातली काच फुटली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. ज्याच्या पोटात ऊब राहत नाही त्याला थर्मास का म्हणावे, असे तुम्ही विचाराल. मीही स्वतःला तेच विचारत असतो.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलापाशी बसलेल्या बायकांनी माझी काच पत्र्याच्या आवरणात बसवली, तिच्याखाली रबराची जाड गादी ठेवली आणि बूड फिरवून घट्ट केले. मग एका दुकानाच्या फळीवर मी दोन महिने बसून होतो. तिथून मला आईने उचलले. आई म्हणजे माझी मालकीण. तेव्हा ती कुणाची आई नव्हती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागलेली एक सडपातळ मुलगी होती. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर लोकांच्या तारा जुळवून देई. सकाळी ती माझ्यात सूप नाहीतर मऊ भात भरी आणि दुपारी झाकण उघडले की वाफ वर येई. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण म्हणायची, "तुझा थर्मास नवऱ्यापेक्षा भरवशाचा निघाला बघ." ते ऐकून मी फुगून जात असे. घरी आल्यावर आई मला धुऊन पालथा घाली, झाकण वेगळे सुकवी. एकवीस वर्षे तिने हा नेम मोडला नाही.

पुढे एक्स्चेंजमध्ये यंत्रे आली आणि आई घरी बसली. तिच्या मागोमाग मीही बसलो, पण माळ्यावर. जुन्या चादरीत गुंडाळलेला, एका फुटक्या पंख्याच्या शेजारी. किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. एवढेच कळत होते की माझ्या बुडातली रबराची गादी वाळत चालली आहे. ती आधी कडक झाली, मग तिचा भुगा पडू लागला. सांगणार कुणाला?

एके दिवशी पहाटे कुणीतरी स्टुलावर चढून मला खसकन ओढले. ती ताई होती, आईची थोरली मुलगी. तिने मला घासले, उकळते पाणी ओतून पाहिले. दाराशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सहसा घाबरत नाही. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

त्यांच्या बोलण्यावरून मला सारे समजले. आईच्या आतड्याचे ऑपरेशन झाले होते. ते नीट पार पडले, पण त्यानंतर आई खाईना. नऊ दिवस पाण्यापलीकडे तिच्या तोंडात काही गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "उद्या सकाळच्या राउंडपर्यंत वाट बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." आणि आईने ताईचे मनगट धरून बजावले होते, की नळी घातलीत तर मी ती उपटून टाकीन. ताईने शंभराव्यांदा विचारले, मग तू काय खाशील ते तरी सांग. तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नदीकाठचं आंबट कालवण."

आई जिथे जन्मली ते नदीकाठचे गाव बसने चार तासांवर होते. बाराव्या वर्षी तिने ते सोडले. तिथे आता तिचे कुणी उरले नव्हते.

"चार तास जायचं, चार तास यायचं," भाऊ म्हणाला. "ताई, तिथे शोधणार तरी कुठे?"

"इथे बसून तिचं तोंड बघत राहण्यापेक्षा बरं," ताई म्हणाली आणि मला पिशवीत घालून निघाली.

आईने तुटक तुटक सांगितलेले तिला पाठ झाले होते. कालवण पातळ, पिवळट. मासे बोटाएवढे, काट्यांसकट. आणि आंबटपणा घास गिळल्यावर मागून येतो, आधी नाही.

दहा वाजता आम्ही गावात उतरलो. स्टँडसमोरच्या मोठ्या हॉटेलावर 'आमचे अस्सल नदीकाठचे कालवण' अशी पाटी होती. ताईला वाटले, देव पावला. समोर आले ते लालभडक, दाट आणि बिनकाट्याचे. तिने एक चमचा चाखून खाली ठेवला.

"सगळे पाहुणे हेच खातात," वेटर म्हणाला.

"पाहुण्यांचं नको. तुम्ही घरी काय खाता?"

"मी होय? मी ऑम्लेट खातो."

ताईने फोनवर शोधले तेव्हा ज्याचे सर्वांनी गोडवे गायले होते ते दुसरे हॉटेल नदीवरच्या गच्चीत होते. तिथला मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "आम्ही वरून थोडी साय घालतो, आंबटपणा मरतो." तिसऱ्याला कुलूप होते. पाटीवरची अक्षरेही उडाली होती. शेजारी एक माणूस किल्ल्या घासत बसला होता. त्याने सांगितले, की तिथला म्हातारा आचारी गेला आणि मुलाला स्वयंपाकात रस नव्हता.

सव्वा वाजला होता. परतीची शेवटची बस साडेतीनची. ताई त्या बंद दाराच्या पायरीवर बसली आणि मला पोटाशी धरून नुसतीच पुढे-मागे झुलू लागली. मी रिकामा होतो, मित्रांनो, आणि इतका रिकामा मी माळ्यावरही कधी नव्हतो.

किल्लीवाल्याला राहवले नाही. "बाई, पाट्या वाचत फिराल तर सापडायचं नाही. बर्फाच्या कारखान्यामागे हमाल जेवतात, तिथे मावशीकडे जा. पळा मात्र."

ताई पळाली. पत्र्याखाली पाच बाकडी, ओली फरशी आणि मोरीपाशी भले मोठे पातेले घासणारी एक जाडजूड बाई. सगळे तिला बर्फवाली मावशी म्हणत.

"संपलं," मावशी मान वर न करता म्हणाली. "उद्या बाराला या."

"उद्या नाही चालणार." ताईने मला बाकड्यावर ठेवले. "आईसाठी हवंय. नऊ दिवस झाले, काही खात नाही. ती इथलीच आहे."

आता मावशीने वर पाहिले. "इथली? कुठल्या गल्लीतली?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. सकाळपासून तिने दात आवळून धरले होते. या एका प्रश्नाने ती कोसळली. ऊर फुटेपर्यंत रडली.

मावशीने घासणी खाली ठेवली. कारखान्यातून बर्फावरचे मूठभर मासे मागवले, चूल पेटवली आणि म्हणाली, "डोळे पूस आणि मासे साफ कर. मला दोनच हात आहेत."

ताईने मासे साफ केले. मावशी सांगत गेली आणि ती करत गेली. वाळलेली आंबट फळे आधी भिजू द्यायची, कुस्करायची नाहीत, नाहीतर कडवट होते. मासे शेवटी सोडायचे आणि डाव घालायचा नाही, पातेले हलवायचे. मावशीने ताईला एक चमचा चाखायला दिला. ताईने घास गिळला, थांबली आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"आलं ना मागून?" मावशी म्हणाली. "मग भर आता, बस चुकेल." निघताना तिने फळांची पुडी ताईच्या पिशवीत कोंबली. "तिकडे मिळायची नाहीत. आईला सांग, बरी झालीस की गल्ली कळव."

कालवण माझ्यात ओतले गेले. इतक्या वर्षांनी माझ्या काचेला अन्नाची ऊब लागली. मी मनाशी म्हणालो, आता चार तास काहीही झाले तरी ही ऊब सोडायची नाही. ताईने मला मांडीवर दोन्ही हातांनी धरले होते. पण रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला माझी काच खालच्या पत्र्यावर आपटत होती. तिला झेलणारी गादी उरलीच नव्हती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की मला उशीवर ठेव, अंगाभोवती काहीतरी गुंडाळ. मला तोंड होते, पण आवाज नव्हता.

दोन तासांनी रेल्वे फाटकापाशी बसने करकचून ब्रेक मारला. ताईने मला सोडले नाही, मित्रांनो. तिने मला छातीशी आवळून धरले. तरीही आत खळ्ळकन आवाज झाला.

तिने हळूच झाकण उघडले. पिवळट रसावर चंदेरी कपच्या तरंगत होत्या.

शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "फडक्यातून गाळून घ्या ना. वाया कशाला घालवता?"

ताईने खरोखर रुमाल काढला आणि झाकणावर पसरला. थोडा रस गाळला, उजेडात धरला. पुन्हा गाळला. तिसऱ्यांदाही तळाशी एक कण चमकला. मग ती उठली, फाटक उघडायच्या आत खाली उतरली आणि मला रस्त्याकडेला रिते केले. ते कालवण मातीत जिरताना मी पाहिले. त्या क्षणी मला भंगारात टाकले असते तर मी कुरकुर केली नसती.

पण तिने मला टाकले नाही, परत पिशवीत ठेवले. बसमधूनच तिने भावाला फोन केला. ती रडत नव्हती, आवाज नुसता सपाट झाला होता. "बाजार बंद व्हायच्या आत मासे आण. बोटाएवढे. काटे असलेले. कारण विचारू नकोस."

त्या संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरात कालवण केले. पहिले कडवट झाले, ते तिने ओतून दिले. दुसरे जमले की नाही हे तिला ठरवता येईना. सकाळी तिने ते पुन्हा उकळून गाळले आणि स्टीलच्या साध्या डब्यात भरले, डबा टॉवेलात गुंडाळला आणि दोघे निघून गेली. मी ओट्यावर राहिलो. काचेशिवाय, कामाशिवाय. आठ वाजले, नऊ वाजले. राउंड होऊन गेला असेल. नळी घातली असेल का? घड्याळाची टिकटिक मला सहन होईना.

दहाच्या सुमारास भाऊ आला. नळाखाली तोंड धुतले आणि ओट्याला टेकून बायकोला सांगू लागला.

"पहिला चमचा तोंडात धरून बसली. गिळेना. डॉक्टर दारात उभे. मग गिळला. म्हणाली, मीठ कमी आहे."

"आणि?"

"सात चमचे घेतले. डॉक्टर म्हणाले, नळीचं उद्या बघू." मग तो खाली बसला आणि हातांत तोंड लपवून रडला.

नळी घालावी लागली नाही. आई घरी आली आणि आणखी चौदा महिने जगली. आता मी ओट्यावर असतो. माझ्यात लाकडी चमचे ठेवतात. तिथूनच मी एक दुपार ऐकली, ती सांगतो आणि थांबतो.

ताई कालवण ढवळत होती. "डाव नको," आई खुर्चीतून म्हणाली. ताईने पातेले हलवले आणि विचारले, "आई, इतकं आवडतं तर तू आम्हांला कधीच का करून घातलं नाहीस?"

"तुमच्या बाबांना त्याचा वास सोसायचा नाही," आई म्हणाली. "मग सोडून दिलं."

चाळीस वर्षे, मित्रांनो. त्यातली एकवीस वर्षे रोज सकाळी तिने माझ्यात दुसरेच काहीतरी भरले आणि मलासुद्धा कळले नाही. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल तर वर्षातून एकदा खाली काढा, त्याची गादी तपासा. पण त्याआधी ओट्यापाशी जा. तिथे जे माणूस उभे असेल त्याला विचारा, की तू काय सोडून दिलेस. चार तासांची बस पकडायची वेळ येण्याआधी विचारा.