वाटणीतला सेंटर

आमच्या घरात चौथा सेंटर स्पीकर आला, त्या संध्याकाळी मी ठरवलं, की आता एक तर हा डबा घरात राहील नाहीतर मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही पूर्वी ठाऊक नव्हतं. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन उंच स्पीकर असतात आणि टीव्हीखाली मधोमध एक आडवा. तो सेंटर. पिक्चरमधली माणसं बोलतात ती बहुतेक त्यातून. आणि तो डाव्या-उजव्याशी जुळणारा लागतो, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलच्या घराण्यातला. मुलीला स्थळ बघताना बघत नाहीत इतकं बघावं लागतं.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विनोदने, चौथा जोडला आणि मला समोर बसवलं. पिक्चरमधली एक बाई बोलत बोलत दारातून आत आली.

"ऐकलंस गो? दारात हिची तब्येत बरी होती. मधे आली नि हिला सर्दी झाली."

मला आवाजात काडीचा फरक कळला नाही. तरी मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं की त्या बाईला मागे नेऊन पुन्हा दारातून आणतात.

पहिला सेंटर रत्नागिरीतून आणला, दुसरा कोल्हापूरहून, तिसरा ऑनलाइन. तिन्ही परत गेले. आमचं मूळ मॉडेलच बंद झालंय. दुकानदार बिचारा म्हणाला, सेंटर नसला तरी भागतं, सोफ्यावर मधोमध बसून ऐका. तर हे म्हणाले, मधोमध एकच माणूस बसतो, बाकीच्यांनी काय करायचं? बाकीची म्हणजे मी एकटी. हे जयगडच्या पोर्टात क्रेन चालवतात. अख्खं जहाज रिकामं करताना यांची कुरकुर नसते, घरात मात्र या वीतभर डब्यापायी माझं डोकं खातात.

आणि नेमका जुळणारा सेंटर कुठे आहे? दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, माझ्या दिराच्या घरात. आमच्या अंगणातून वीस पावलांवर.

सेट दोघा भावांनी मिळून घेतला होता, आम्ही एकत्र होतो तेव्हा. वाटणीला यांचे सखारामकाका मधे बसले. आंब्याची कलमं वाटली, भांडी वाटली, शेवटी सेट राहिला. काकांनी डबे मोजले. पाच स्पीकर आणि एक ढबढब करणारा मोठा वूफर. सहा.

"मग अडचण काय? तीन तुला, तीन तुला."

चिठ्ठ्या टाकल्या. आमच्याकडे डावा, उजवा आणि मागचा एक आला. दीपेशभावजींकडे सेंटर, मागचा दुसरा आणि वूफर. स्पीकरना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर सातवा पडला, तो एकट्या कुणालाच नको म्हणून देवळाला दिला. मग दोघांनी नवा एकेक घेतला.

यांना वाटलं होतं, दीपेश म्हणेल, दादा, सेट तूच ठेव. भावजींना वाटलं होतं, दादा म्हणेल, ने तू. दोघेही गप्प बसले आणि त्याला तीन वर्षं झाली, अजून गप्पच आहेत. समोर आले की एक मोबाईल बघतो, दुसरा आभाळ. मधे एकदा भावजींनी माझ्या जावेकरवी, राहीकरवी, निरोप पाठवला, की सेंटर घेऊन जा. त्यावर हे म्हणाले, "त्याच्या वाट्याचं मला नको. घेतला तर बदली एक द्यायला लागेल. उजवा दिला तर डावा एकटा काय करील?"

मला त्या सेंटरचं काही पडलेलं नाही. एका ताटात जेवलेले दोन भाऊ एकमेकांना ओळख देत नाहीत, त्याचा मला वीट आलाय. सणासुदीला तर रडू येतं.

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेल्यावर मी राहीला हाक मारली. "ये, हात लाव." दोघींनी मिळून आमचे तिन्ही स्पीकर गडग्यावरून तिच्या घरात नेले. दुपारी भावजी गॅरेजमधून आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"वहिनी, हे काय केलंत? दादा काय म्हणेल?"

"दादाला काय म्हणायचंय ते तुम्हांला म्हणू दे. माझं तीन वर्षं ऐकून झालंय. जोडा."

हे सहाला आले. टीव्हीच्या दोन्ही बाजू मोकळ्या बघून माझ्याकडे वळले.

"दिले," मी म्हटलं. "तिन्ही. आता तुम्हांला जुळवायला काही उरलं नाही."

"माझ्या वाट्याचे होते ते."

"होते."

यांनी चहाला हात लावला नाही. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. हे बिनसलं असतं तर दोन घरांमधलं उरलंसुरलं जाणंयेणंही संपलं असतं, आणि दोष माझ्या माथी. तेवढ्यात पलीकडे पिक्चर लागला. दारं उघडी होती, आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता गडग्यावर तमाशा होणार. मी मागोमाग धावले.

हे मान तिरकी करून ऐकत उभे होते. मग जोरात म्हणाले,

"दीपेश, सेंटर कपाटात आत ढकललायस. घुमतोय. काठावर ओढ."

पलीकडचा आवाज बंद झाला. भावजी दारात आले.

"किती ओढू, दादा?"

"राहू दे, तुला नाय जमायचं," हे म्हणाले आणि गडग्यावर पाय टाकला.