अकोल्याहून आणलेली पेटी

शेषरावाने ओला बोळा मैनाबाईच्या ओठांना लावला, तशी तिने मान भिंतीकडे वळवली.

“पानी नोको, मास्तर,” ती म्हणाली. “मले प्रभूचं जेवन द्या.”

तो बोळा हातात धरून तसाच बसला. दोन दिवसांत ती हे तिसऱ्यांदा मागत होती.

अमरावतीच्या कापूसबाजारामागे ते दोन खणांचे प्रार्थनाघर होते. त्याच्या पडवीत मैनाबाई राहायची, पलीकडच्या खोलीत शेषराव. सात वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत मैनाबाईचा नवरा गेला. ती स्वतः अंथरुणावर असताना घरची माणसे तिला सोडून शेतावर निघून गेली. तेव्हा शेषरावाची बायको सुभद्रा तिला पाठीवर घेऊन इथे आली होती. बरी झाल्यावर मैनाबाईने बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी मंडळीत अकरा माणसे होती. मग तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. कोणी खामगावला कापूस तोलायला गेले, कोणी लोहमार्गाच्या मातीकामावर. जाताना सगळे परत येतो म्हणाले होते. मग सुभद्राही वारली. गेली चार वर्षे शेषराव दर रविवारी उभा राहून वचन वाचत असे आणि समोरच्या चटईवर मैनाबाई एकटी बसत असे. वाचताना तो थांबला, की ती म्हणायची, “वाचा न. मी ऐकून राहिली.”

पण शेषराव उपदेशक होता, पाळक नव्हता. वचन सांगावे, प्रार्थना चालवावी, मेलेल्याला मूठमाती द्यावी, एवढी त्याला मुभा होती. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, द्यायचा अधिकार अकोल्याच्या पाद्रीसाहेबांचा. ते वर्षातून एकदा येत. यंदा आले नव्हते. आणि अधिकार असता, तरी द्यायचे कशातून? प्रार्थनाघरात एक वाळवी लागलेले बायबल, भजनांच्या तीन वह्या आणि बसायच्या चटया होत्या. भोजनाचा पेला, थाळी, विधीचे पुस्तक, सारे साहेबांबरोबर यायचे आणि साहेबांबरोबर जायचे.

“मी अकोल्याला जातो,” तो म्हणाला. “साहेबांना घेऊन येतो.”

“अन् मले कोन पाहीन?”

त्याने बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. मग तीच म्हणाली, “सत्यवतीले सांगून पाहा.”

सत्यवती तिची थोरली बहीण. बडनेऱ्याच्या वाटेवर तिची भाजीची वाडी होती. मैनाबाई बाटली म्हणून माळ्यांनी तिला टाकले, तेव्हा सत्यवतीनेही टाकले. पण आठवड्यातून एकदा मेथीची जुडी किंवा चार वांगी प्रार्थनाघराच्या पायरीवर ठेवून ती जात असे. आत येत नसे. पाणीसुद्धा घेत नसे.

शेषराव वाडीच्या बांधावर जाऊन उभा राहिला. सत्यवती वाफ्यात पाणी वळवत होती. त्याला पाहून तिने पदर सावरला, पण हातातली कुदळ ठेवली नाही.

“मैनाबाईचं काही खरं नाही,” तो म्हणाला. “मला जाऊन यायला सहा-सात दिवस लागतील. कोणी तरी जवळ हवं.”

“मी उंबऱ्याच्या आत जात नाई, मास्तर. तुमाले ठाऊक हाय.”

“ठाऊक आहे.”

तो वळला. दहा पावले गेल्यावर मागून तिचा आवाज आला.

“भाकर पचते तिले, का पेज?”

“पेज,” तो म्हणाला.

त्या वर्षी अकोल्याच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नव्हती. धुरळ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज सतत ऐकू यायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका गाडीवानाने त्याला गाठींवर बसवून घेतले. खुशालराव त्याचे नाव. माणूस बोलका होता. पिकाबद्दल बोलला, थोरल्या लेकीच्या लग्नाबद्दल बोलला, बैलांना रुप्याचे साज करायचे म्हणाला. मग त्याने विचारले, “तुमी कोन म्हनाचे?”

“ख्रिस्ती.”

खुशालरावाने पाण्याचा तांब्या उचलला आणि आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवला. पुढचे सहा कोस तो बैलांखेरीज कोणाशी बोलला नाही. उतरताना शेषरावाने त्याला रामराम केला. सवयीने त्यानेही केला.

पाद्रीसाहेब बाजेवर पडून होते. महिनाभराच्या हिवतापाने त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. शेषरावाने सगळे सांगितले. ते ऐकताना साहेबांनी उठून बसायचा प्रयत्न केला आणि पुन्हा उशीवर पडले.

“मला पंधरा दिवस दे,” ते त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले. “मी अवश्य येईन.”

“ती पंधरा दिवस काढणार नाही, साहेब.”

साहेबांनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता.

“तर तिला सांग, की प्रभू तिला माझ्या हातावाचूनही ओळखतो. असे सांगशील?”

“सांगेन.”

अंगणापलीकडे ख्रिस्ती लोकांची वीसेक घरे होती. दुपारी त्याला पंगतीत बसवले. पलीकडे बायका मोठ्याने हसत होत्या, कोणी तरी लहान मुलाला रागावत होते. एका बाईने न विचारता त्याच्या पानावर दुसऱ्यांदा वरण वाढले. ‘पुरे’ म्हणायला आडवा केलेला हात त्याने मागे घेतला.

निघताना साहेबांनी बाजेखालून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. नवी होती. आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पेला, थाळी, द्राक्षारसाची लहान बाटली, विधीचे पुस्तक, आणि सर्वांत वर साहेबांच्या अक्षरात प्रत्येक वस्तूची आणि ती कशी मांडावी याची यादी.

“हे अमरावतीच्या मंडळीसाठी मागवले होते. घेऊन जा. मी आलो म्हणजे उघडू. त्याआधी नको.” किल्ली त्याच्या हातात ठेवून ते म्हणाले, “शेषराव, तूही इकडेच ये. तिथे आता कोण राहिले आहे?”

हे वाक्य ऐकायची वाट शेषरावाने चार वर्षे पाहिली होती.

“मैनाबाई आहे.”

“तिच्यानंतर.”

त्याने मान डोलावली आणि पेटी डोक्यावर घेतली.

सातव्या दिवशी दुपारी तो पोचला, तेव्हा पडवीचे दार उघडे होते. आत सत्यवती बसली होती. बहिणीचे डोके तिने मांडीवर घेतले होते. शेजारी एका थाळीत दुधात कुस्करलेली भाकर होती आणि फडक्यात गुंडाळलेली एक कोरी भाकर. शेषराव दारातच थांबला.

“हिनं खाल्लं, मास्तर,” मैनाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “माह्या ताटातलं खाल्लं.”

“मंग काय करू?” सत्यवती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. “दोन दिवस उंबऱ्यावरून पेज सरकवली. शिवे ना. म्हने, तू खाशीन तं मी खाईन. अशी हटेली पहिल्यापासून.”

शेषरावाने पेटी खाली ठेवली. पाय धुतले. मग जवळ येऊन बसला.

“साहेब आजारी आहेत, मैनाबाई. त्यांनी निरोप दिलाय. प्रभू तुला त्यांच्या हातावाचूनही ओळखतो, म्हणाले.”

तिने ऐकून घेतले. तिची नजर पेटीवर गेली.

“त्याच्यात काय हाय?”

तीन दिवस वाटेने त्याने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे तयार केली होती. त्यातले एकही न देता त्याने कमरेची किल्ली काढून पेटी उघडली.

यादीतल्याप्रमाणे त्याने जमीन पुसली, पांढरे कापड पसरले, घड्या हाताने सारख्या केल्या. पेल्यात द्राक्षारस ओतून तो मधोमध ठेवला, थाळी डावीकडे. यादीत गव्हाची रोटी लिहिली होती. घरात गहू नव्हते. त्याने फडक्यातली ज्वारीची भाकर घेऊन थाळीत ठेवली. पुस्तकातली प्रार्थना त्याने सावकाश वाचली. बाजारातून गाड्यांचा आवाज येत होता.

त्याने भाकरीचा तुकडा मोडून मैनाबाईच्या हातावर ठेवला. तिने तो बोटांनी चाचपला, त्याचे दोन भाग केले आणि एक भाग वर धरला, बहिणीच्या तोंडाशी.

शेषरावाचा पेल्याकडे गेलेला हात थांबला. त्याने आज एक मर्यादा ओलांडली होती. ही त्याहून मोठी होती. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला हे अन्न द्यायचे नसते. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेले होते. मैनाबाईचा हात खाली येत नव्हता.

“चालते का?” सत्यवतीने विचारले.

त्याने पुस्तक मिटले.

“घ्या,” तो म्हणाला.

तिने तो घास घेतला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, ते तिने पुसले नाही. मग तिनेच थाळीतला तुकडा मोडून शेषरावासमोर धरला.

“अन् तुमी? तुमाले कोन देते?”

त्याने दोन्ही हात पुढे केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई गेली. उचलायला माणसे मिळेनात. बाजारातल्या दोन उत्तर हिंदुस्थानी हमालांनी हात लावला आणि खड्डा शेषरावाने खणला. सत्यवती टोपलीने माती लोटत होती. वाडीकडे जाणारी सगळी माणसे त्याच रस्त्याने जात-येत होती. त्यांनी पाहिले. कोणी थांबले नाही.

मार्गशीर्ष सरता सरता पाद्रीसाहेब आले. काठी टेकत गाडीतून उतरले आणि आधी कबरीवर गेले. परतल्यावर शेषरावाने पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि जे घडले ते सांगितले. सत्यवतीचेही.

साहेब काठीच्या मुठीकडे पाहत बोलले.

“तू बोलला नसतास, तर मला कधी कळले नसते.”

“म्हणूनच बोललो.”

“तुला उपदेशकाच्या जागेवर ठेवता येणार नाही, शेषराव.”

“होय.”

“ही जागाही आपण सोडतो आहोत. मालकाला कापसाच्या गाठी ठेवायला हवी आहे. पण अकोल्याच्या शाळेत मुलांना अक्षर शिकवायला माणूस पाहिजे. खोली मिळेल.” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले. “माणसांत राहशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. पेटी चढवली, चटया चढवल्या, शेषरावाचे बोचके चढवले. “त्या बाईला सांगून येतो,” असे म्हणून तो वाडीकडे निघाला.

सत्यवतीचे खोपटे आता वाडीच्या टोकाला होते. जातीच्या पंचांनी तिला प्रायश्चित्त घ्यायला सांगितले होते. चार मंडळींना जेवण घालायचे, चूक झाली म्हणायचे, की मिटले. तिने नाही म्हटले. मग लेकाने, नत्थूने, तिला हे खोपटे बांधून दिले. तो वाईट नव्हता. आईची चूल वेगळी झाल्यापासून तो तिच्याकडे नीट बघत नसे, इतकेच.

ती नुकती चुलीवरून उठली होती.

“निंगाले का?” तिने विचारले.

“हो. गाडी रस्त्यावर उभी आहे.” तो म्हणाला. “सत्यवतीबाई, पंच म्हणतात ते करून टाका. एका दिवसाचं काम आहे. घरात याल.”

“करता येते,” ती म्हणाली. “पन मंग मैना खराब होती, असं मीच म्हटल्यासारखं होईन. सात वर्सं तेच म्हटलं. आता नाई म्हनत.”

शेषराव निघायला वळला.

“सुखानं राहा तिकडं,” ती म्हणाली. “तिथं लय लोक हायेत म्हनते तुमचे.”

“वीस घरं आहेत.”

“बरं झालं.”

तो बांधापर्यंत गेला. तिथून वळून पाहिले, तर ती दाराशी ताट घेऊन बसली होती. ताटात भाकर होती, वांग्याची भाजी होती. तिचा हात भाकरीवर होता आणि ती समोरच्या रिकाम्या जमिनीकडे पाहत होती. बराच वेळ झाला तरी हात हलला नाही.

शेषराव रस्त्यावर आला. साहेबांशी चार शब्द बोलला. साहेबांनी काही विचारले, त्याला त्याने मान हलवून उत्तर दिले. मग गाडीतून आपले बोचके काढून घेतले. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी चालू लागली आणि कापसाच्या गाड्यांत दिसेनाशी झाली.

वाडीत पावलांचा आवाज आला, तशी सत्यवतीने मान वर केली. आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावरच्या बोचक्याकडे.

“काय राहिलं, मास्तर?”

“जेवायचं राहिलं,” तो म्हणाला.

तिच्याकडे ताट एकच होते. ती उठली आणि विळा घेऊन केळीचे पान कापायला गेली.