लॉरीखालचा खड्डा

लढाईच्या दिवसांत तामलवाडीच्या वीरप्पाकडं एक जुनी लॉरी होती. आसपासच्या शेंगा आणि करडई भरून सोलापूरच्या तेलगिरण्यांना पोचवायची, हा त्याचा धंदा. पेट्रोल मिळेना म्हणून तिच्या पाठीशी कोळशाच्या ग्यासची टाकी बसवली होती. चढ आला की माणसं उतरून चालत वर जात आणि वर बसून तिची वाट बघत.

लॉरी बिघडायची ती नेहमी खालच्या अंगानं. मग वीरप्पा गोठ्यात पोतं अंथरून तिच्याखाली उताणा सरकायचा. तेल तोंडावर ठिबकायचं, आणि बाहेर निघताना कपाळ कशावर तरी आपटायचंच. त्या हिवाळ्यात त्याची पाठ धरली ती सुटेना. अशात सोलापूरच्या एका कारखान्यात त्यानं एक मिस्त्री पाहिला. तो खड्ड्यात ताठ उभा राहून डोक्यावरच्या गाडीचे बोल्ट आवळत होता आणि आवळता आवळता पान खात होता. ते पान वीरप्पाच्या मनात बसलं. घरी येताच त्यानं बैल पडवीत हलवले आणि विहिरी खणणाऱ्या बिरूला गोठ्यात जागा आखून दिली. लांबट, अरुंद, पुरुषभर खोल.

खणती सुरू झाली तशी त्याची आई रुद्रम्मा काठी टेकत बघायला आली. त्यांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात.

“माझ्यासाठी का रं?” तिनं विचारलं.

“न्हाय अव्वा. लॉरीसाठी.”

“लॉरी पुरणार हैस?”

“लॉरी वरच राहणार. खाली म्या जाणार.”

रुद्रम्मानं जरा विचार केला. “तू कशाला? मी थोरली हाय. आन् एवढं लांबडं कशाला? बसवायला चौकोनी लागतंय.”

बिरूनं टिकाव थांबवून वीरप्पाकडं बघितलं. वीरप्पानं खणत राहा म्हणून हात केला.

गावाच्या पुढं थोड्याच अंतरावर निजामाची मोगलाई संपून इंग्रजी मुलूख लागायचा, आणि हद्दीवर जकातीचा नाका होता. तिथले नाकेदार दस्तगीरसाहेब भले गृहस्थ, पण आयुष्यात एकदा तरी मोठी जकातचोरी पकडावी अशी त्यांची फार इच्छा. हद्दीजवळच्या घरात कोणी लांबट खड्डा खणतोय हे कळल्यावर ते स्वतः आले. काठावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले.

“ये किधर जाता, वीरप्पा?”

“नीचे, साहेब.”

“नीचेसे किधर?”

“नीचेच थांबतंय.”

साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून हद्दीवरच्या शेताच्या बांधावर त्यांचा एक शिपाई बसू लागला. त्यानं जमिनीला कान लावून खाली भुयार खणल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहायचं होतं. तो बहुतेक वेळ ऐकता ऐकता झोपलेला असायचा.

कंबरेइतकं खणून झालं आणि मुरूम संपून काळा खडक लागला. बिरूनं सुरुंग लावू म्हटलं. वीरप्पा म्हणाला, “सुरुंगाची परवानगी मागाया गेलो तर साहेब माझ्या घरात खाट टाकतील.” मग त्यानं दुसरी तोड काढली. खड्डा खोल होत नसेल तर गाडी उंच करायची. खड्ड्याच्या दोन्ही कडांना कंबरेइतकी दगडी भिंत घातली, मागं मुरमाचा उतार केला, उतारातनंच खड्ड्यात उतरायला अरुंद पायऱ्या ठेवल्या. पुढच्या टोकाला आणि डाव्या अंगाला गोठ्याची भिंत होतीच.

सारं तयार झालं त्या दिवशी लॉरीचा ब्रेक नीट लागत नव्हता. पुढच्या भिंतीजवळच्या खांबाला दोराचा वळसा घालून उजव्या बाजूनं बैल जुंपले, आणि मागून चार माणसांनी ढकलून ती वर चढवली. मागच्या चाकांना दगड लावले. वीरप्पा पान तोंडात टाकून पायऱ्या उतरला आणि ब्रेकची सळई सोडवली. तेवढ्या हिसक्यानं एक दगड निसटला. लॉरी मागं सरकली, उजवं चाक भिंतीचा कोपरा फोडून पायऱ्यांत रुतलं आणि सगळी गाडी उजवीकडं कलून भिंतीवर बसली.

धूळ खाली बसेपर्यंत वीरप्पा कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. त्याला कुठं लागलं नव्हतं. पण आता चारी बाजूंनी वाट बंद होती. भिंत आणि लॉरी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट तेवढी उरली होती.  पान कधी गिळलं हे त्याला कळलं नाही.

“जित्ते हाव न्हवं?” फटीतनं बायकोचा, महानंदाचा, आवाज आला.

“हाय.”

“मग भाकरी देते. बैलं आणाया बिरू गेलाय, वेळ लागंल.”

भाकरी आली, वर ठेचाही आला. खाऊन झाल्यावर त्याला जरा धीर आला. सळई समोरच लोंबत होती आणि पाना हातात होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तो कामाला लागला.

एवढ्यात दस्तगीरसाहेब धावतपळत आले. त्यांनी फटीला डोळा लावला.

“वीरप्पा, अंदरसे दुसरा रास्ता नहीं?”

“असता तर हितं बसलो असतो का, साहेब?”

साहेबांनी फटीवरचा डोळा काढला. मग त्यांनी बांधावरच्या शिपायाला बोलावणं पाठवलं आणि आल्यावर त्याला दोर धरायला लावलं. नाक्यावरचे जाड वासे आले. त्या वाशांनी चाक उचकटून धरलं. खांबाच्या वळशातून आलेल्या दोराला गावातल्या बैलजोड्या जुंपल्या, माणसांनी मागून खांदे दिले. दोर ताणला, बैलांनी खुर रोवले, पण लॉरी तसूभर हलेना. पुन्हा ओढलं. पुन्हा तसंच. साहेबांनी शेरवानी काढून बाजेवर ठेवली आणि स्वतः दोराला लागले.

खाली वीरप्पाच्या हळूहळू ध्यानात आलं.

“जरा थांबा,” तो आतून म्हणाला.

“क्या हुआ?”

“ब्रेक दुरुस्त झालाय. म्या आवळून ठेवलाय.”

साहेबांनी हातातला दोर खाली टाकला. त्यानं सळई सैल केली. पुढच्या ओढीला चाक उसळून वर आलं आणि लॉरी पुढं गेली. वीरप्पा पडक्या पायऱ्यांवरनं बाहेर आला. तेलानं काळा झाला होता, पण पाठ सरळ होती. रुद्रम्मानं त्याला काठीनं हलकेच टोचून बघितलं, आणि डोळे पुसत घरात गेली.

दस्तगीरसाहेब बाजेवर बसून घाम पुसत होते. महानंदानं त्यांना ताक आणून दिलं. ते सावकाश प्याले.

“काम अच्छा किया,” ते म्हणाले. “मगर पायऱ्या दोन्हीकडं ठेव.”

वीरप्पानं बिरूकडं बघितलं. पुढच्या टोकाला भिंत होती, ती फोडावी लागणार होती. भिंतीपलीकडं स्वैपाकघर होतं. ही गोष्ट महानंदाला सांगायला आजचा दिवस बरा नाही, असं त्याला वाटलं, आणि तो आंघोळीला गेला.