अकराव्या होलवर हललेला चेंडू

देशातल्या व्यावसायिक गोल्फपटूंची वर्षातली सगळ्यांत मोठी स्पर्धा त्या फेब्रुवारीत खारघरला भरली होती. तीन दिवसांत प्रणित घरतनं बाकीच्यांना असं काही मागं टाकलं होतं की चौथ्या दिवशी सकाळी लोक दुसऱ्या नंबरासाठी कोण खेळतंय हे बघायला आले होते. दुसरा होता पुण्याचा सत्यजीत, तोही आठ फटके जास्त घेऊन मागं. अठरापैकी पहिले दहा होल झाले तेव्हा हे अंतर अकरावर गेलं होतं.

प्रणितची बॅग खांद्यावर घेऊन चालत होती त्याची थोरली बहीण रंजिता. एरवी ती करंजाडेच्या एका शाळेत पीटी शिकवायची. प्रणितच्या बरोबरीनं चालून अंतरं मोजणारी, हत्यार, म्हणजे हवी ती काठी, हातात देणारी, त्याचं डोकं शांत ठेवणारी कॅडी ती जेमतेम वर्षभरापासून झाली होती, आणि त्याला कारण कोलकाता होतं.

कोलकात्याला मागच्या साली प्रणित पाच फटक्यांनी पुढं होता. चौदाव्या होलवर एक पंच येऊन म्हणाला, मघाशी पाण्यातून चेंडू काढून तुम्ही ठेवलात ती जागा आम्ही तपासतोय, खेळ चालू ठेवा. नंतर त्यात काही वावगं निघालं नाही. पण तेवढ्या एका वाक्यानं प्रणितचे हात थरथरायला लागले. पुढच्या चार होलांत त्यानं नऊ फटके घालवले आणि सातवा आला. घरी कोन गावाला परतल्यावर तीन महिने त्यानं बॅगेची चेन उघडली नव्हती. आई जेवायला हाक मारायची आणि तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. जुना कॅडी सोडून गेला. तेव्हा रंजितानंच त्याला उठवलं होतं. "बॅग मी उचलते, तू फक्त चाल," असं म्हणून.

अकराव्या होलवर प्रणितचा दुसरा फटका जरा उजवीकडं गेला आणि चेंडू फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेच्या उंच, पिवळ्या गवतात जाऊन बसला. तसं काळजीचं काही नव्हतं. सत्यजीत पलीकडच्या अंगाला होता, प्रेक्षक दोरीपाशी, पन्नासेक पावलांवर. रंजितानं बॅग खाली ठेवली आणि ती चेंडूच्या जवळ उकिडवी बसली.

"झेंडा कुठं हाय?" प्रणितनं विचारलं.

"मागच्या बाजूला. आठ नंबर घे."

त्यानं आठ नंबरची आयर्न काठी घेतली. चेंडूमागं गवतात ती टेकवली आणि मान वर करून झेंड्याकडं पाहिलं. त्याच क्षणी गवत दबलं आणि चेंडू खाली बसला. हरभऱ्याएवढाच. पण चेंडूवर प्रणित पेननं हिरवी रेघ ओढायचा, आणि ती रेघ आभाळाकडं होती ती कुशीला वळली. रंजितानं ते स्वच्छ पाहिलं. तिनं तोंड उघडलं तोवर काठी मागं गेली होती. चेंडू उडाला, झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर, ग्रीनवर पडला, दोरीपाशी टाळ्या वाजल्या.

"मस्त बसला ना?" प्रणित हसत म्हणाला.

"हो," रंजिता म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिला नियम पाठ होते, बॅग घेतल्यापासून ते पुस्तक तिनं मुलांच्या परीक्षेसारखं वाचलं होतं. खेळाडूच्या हातून चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू परत जागेवर. जागेवर न ठेवता मारला तर दोन. म्हणजे पुढचा फटका खळग्यात गेला तरी या होलवर प्रणितचे चार नव्हे, सहा. आणि हे माहीत असून शेवटी फटक्यांच्या कार्डावर चार लिहून सही केली तर स्पर्धेतूनच बाद. आघाडी अकरा असो की एकवीस, मग काही उपयोग नाही.

दोन फटक्यांनी अकराचे नऊ झाले असते, एवढंच. दुसऱ्या कुणाला तिनं हसत सांगितलं असतं. पण प्रणित समोर ग्रीनकडं निघाला होता, खांदे सैल सोडून, शीळ घालत, आणि रंजिताच्या डोळ्यांपुढं भिंतीकडं तोंड करून पडलेला प्रणित उभा राहिला. आता सांगितलं की पंच येणार, वॉकीटॉकीवर बोलणार, पाच-दहा मिनिटं सगळे थांबणार. आणि मग सात होल बाकी.

शेवटी सांगू, तिनं ठरवलं. सही करायच्या आधी. तोवर खेळू दे त्याला.

अकराव्यावर प्रणितचे चार झाले. बारावा होल असाच गेला. खरंच हलला होता का? हलला होता. रेघ वळली होती. कुणी पाहिलं असेल? टीव्हीचा कॅमेरा कुठं होता? मागच्या टेकाडावर एक होता, पण त्याचं तोंड कुठं होतं ते तिला आठवेना. वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस दोरीच्या कडेनं त्यांच्याच दिशेनं चालत येत होता. तो माणूस जवळ आला, त्यानं प्रेक्षकांना मागं सरायला सांगितलं आणि निघून गेला.

तेराव्यावर प्रणितनं अंतर विचारलं. तिनं अंतरांची वही उघडून सांगितलं, "एकशे अठ्ठेचाळीस."

त्यानं मारलं. चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या वाळूत धप्पकन पडला. प्रणित गोंधळून वळला.

"लागला तर नीट होता, ताई."

रंजितानं वहीत परत पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस हे ग्रीनच्या कडेपर्यंतचं अंतर होतं. झेंडा एकशे अठ्ठावन्नावर. वर्षभरात अशी चूक तिच्याकडून एकदाही झाली नव्हती.

"माझी चूक. कडेचा आकडा सांगितला."

प्रणितनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुला बरं वाटत नाय का? ऊन लागला काय? पाणी पी जरा."

त्यानं स्वतःच बॅगेतली बाटली काढून तिच्या हातात दिली. तो तिची काळजी करत होता. तिनं एक घोट घेऊन बाटली परत बॅगेत ठेवली. वाळूतून बाहेर पडायला एक फटका जास्त गेला आणि आघाडी दहावर आली. प्रणितनं खांदे उडवले.

पंधराव्यापाशी कोनची माणसं टेम्पो भरून आलेली दिसली. सगळ्यांपुढं या दोघांचे वडील काशीराम, म्हणजे आबा. नव्या शहरासाठी सिडकोत जमीन गेली तेव्हा प्रकल्पग्रस्त म्हणून काशीरामला याच मैदानावर गवत कापायच्या मशीनवर नोकरी लागली होती, आणि प्रणित लहानपणी इथंच बापाच्या मागून फिरत खेळ शिकला होता. गोल्फमध्ये बोलायचं नसतं हे काशीरामला इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं, म्हणून तो नुसता दोन्ही हात वर करून उभा होता.

सोळाव्यावर आणखी एक फटका गेला. आघाडी नऊ. सतराव्याच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, थांबलेले असताना प्रणित तिच्या कानाशी वाकला.

"ताई, आजपर्यंत ह्या स्पर्धेत सगळ्यांत मोठा विजय कितीचा हाय, माहीत हाय?"

"कितीचा?"

"आठ. बावन्न वर्षांत आठच्या वर कोण गेला नाय. मी तीन दिवस कोणालाच बोललो नाय. आबांना पण नाय." त्याचे डोळे चमकत होते. "नऊ ठेवायचे. फक्त नऊ ठेवायचे."

नऊतून दोन गेले की सात. त्याला वाटतंय आपल्या हातात नऊ आहेत, आणि त्यातले दोन अकराव्या होलपासून तिच्या खिशात आहेत. तेव्हाच सांगितलं असतं तर हातात सात होल होते, भरून काढायला वाव होता. आता दोन होलांत काय होणार? तरीही, आत्ता, या क्षणी सांगितलं तर तो दोन फटके कमवायला जाईल का? की पुन्हा ते हात थरथरतील? तिचं तोंड उघडलं.

"काय?" प्रणित म्हणाला.

"काही नाही. वारा डावीकडून आहे."

त्यानं सतरावा बरोबर खेळला, अठरावाही. शेवटचा चेंडू खळग्यात पडला तेव्हा दोरी कुठं राहिली आणि माणसं कुठं हे कळेना. टोपी काढून सत्यजीतनं प्रणितला मिठी मारली. नऊ. फलकावर मोठा आकडा लागला आणि कोनच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या.

सही व्हायची होती ती खोली क्लबहाउसच्या कोपऱ्यात होती. रंजिताला वाटलं होतं आपण त्याच्याबरोबर चालत तिथवर जाऊ आणि वाटेत सांगू. पण पंचांनी प्रणितला आणि सत्यजीतला मधल्या वाटेनं पुढं नेलं, आणि ती बॅग सावरत मागून निघाली तेवढ्यात काशीरामनं तिला गाठलं. त्याचे डोळे भरले होते.

"गो बाय माझी! आपल्या पोरानं केला! तू केलास गो!"

"आबा, सोडा मला."

"थांब, तुला हार..."

"आबा, सोडा!"

तिचा आवाज ऐकून तो चपापला. "काय झाला गो?"

तिनं बॅग त्याच्या पायाशी टाकली आणि ती पळत सुटली. दारातल्या सुरक्षारक्षकानं हात आडवा धरला. कॅडीला आत सोडत नाही, म्हणाला. ओळखपत्र दाखवा म्हणाला. ओळखपत्र बॅगेत, बॅग आबांपाशी. दाराच्या काचेतून तिला प्रणित दिसत होता, टेबलाशी बसलेला, हातात पेन. सत्यजीत आकडे मोठ्यानं वाचत होता.

"प्रणित!" ती इतक्या जोरात ओरडली की रक्षकच बाजूला झाला. "सही करू नको!"

खोलीत सगळे वळले. मुख्य पंच कृष्णकांत सर उठून उभे राहिले. रंजिता टेबलापर्यंत गेली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

"अकराव्यावर चेंडू हलला. गवतात. तू हत्यार टेकवलंस आणि तो खाली बसला. तू झेंड्याकडं बघत होतास."

प्रणितनं पेन हातातच ठेवून विचारलं, "तू पाहिलास?"

"रेघ वळली. मी पाहिलं."

कृष्णकांत सरांनी तिला दोन-तीन प्रश्न विचारले. किती हलला, परत मूळ जागी आला का. तिनं सरळ उत्तरं दिली. मग ते प्रणितकडं वळून शांतपणे म्हणाले, "दोन फटके. सही अजून झालेली नाही, त्यामुळं बाकी काही प्रश्न नाही."

सत्यजीतनं कार्ड पुढं सरकवलं. "प्रणित, सातनं जिंकलायस रे. सात म्हणजे काय कमी आहे?"

प्रणितनं चार खोडून सहा लिहिले. त्याचा हात अजिबात थरथरला नाही. रंजिताची नजर त्या हातावरच होती. सही करून त्यानं पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं,

"तेव्हाच का नाय सांगितलास?"

"कोलकात्यासारखं होईल असं वाटलं."

"म्हणजे मी कोसळेन असा वाटला."

तो उठला आणि बाहेर गेला.

बक्षीस समारंभात त्यानं माइकवर सगळं स्वतः सांगितलं. चेंडू हलला, मला दिसला नाही, माझ्या कॅडीला दिसला, म्हणून विजय सातचा आहे, आठचा विक्रम ज्यांचा आहे त्यांचाच राहिला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्यांसमोर करंडक धरताना त्यानं आबांना जवळ घेतलं. रंजिताकडं त्यानं पाहिलं नाही. टेम्पोतून कोनला जातानाही पुढं ढोल वाजत होता आणि ती मागं, नवऱ्याच्या, कल्पेशच्या शेजारी बसली होती.

"खरं तेच सांगितलंस तू," कल्पेश म्हणाला.

"उशिरा सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत जायला निघाली तर प्रणित करंजाडेच्या तिच्या इमारतीखाली उभा होता. वर ये म्हणाली तर आला नाही. दोघं कंपाउंडच्या कट्ट्यावर बसली.

"टीव्हीवाल्यांनी रेकॉर्डिंग बघितला," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात कायच दिसत नाय. तू नसती बोललीस तर कोणालाच कळला नसता."

"मला कळलं होतं."

"ते बरोबर हाय. त्याचा राग नाय मला." त्यानं पायानं एक खडा ढकलला. "सात होल बाकी होते, ताई. मी खेळलो असतो. कदाचित नाय जमला असता, पण ते मी खेळलो असतो. तू मला खेळायलाच दिला नाय."

रंजिताला रात्रभर जे सापडत नव्हतं ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "मी तुझ्यासाठी नाही भ्याले रे. माझ्यासाठी भ्याले. तुला तसं पडलेलं मला पुन्हा बघवलं नसतं."

समोरून शाळेची बस आली, मुलं चढली, बस गेली.

"परत पडलो तर तू बघू नको," तो म्हणाला. "तोंड फिरव. पण सांगायचा तेव्हाच. तेवढा जमत असेल तर पुढच्या महिन्यात अहमदाबादला चल. नाय जमत तर आत्ताच बोल, मी दुसरा कोण बघतो."

ती लगेच हो म्हणाली नाही. जमेल का, हे तिलाच ठाऊक नव्हतं आणि या वेळी त्याला खोटं सांगायचं नव्हतं.

"भीती वाटेल मला," ती म्हणाली.

"वाटू दे की."

"वाटली तरी सांगेन. लगेच."

त्यानं मान हलवली. मग तो उठला, मोटरसायकलपाशी गेला आणि किक मारायच्या आधी वळून म्हणाला, "रजेचा अर्ज आजच दे. परीक्षा आल्या म्हणून तुझी मुख्याध्यापिका सोडायची नाय."

रंजिता शाळेत पोचली तेव्हा प्रार्थना संपत आली होती. मधल्या सुट्टीत तिनं कागद घेतला, अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी 'कौटुंबिक' लिहिता लिहिता थांबून 'कॅडी म्हणून काम' असं लिहिलं.