आरशासाठीचं घड्याळ

टिल्लीच्या बाबांच्या सलूनमधलं घड्याळ गिऱ्हाइकांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. परवा दाढी चालू असताना ड्रायव्हरकाकांनी वेळ बघायला मान वळवली आणि बाबांचा वस्तरा लागला. चीर एवढीशीच, पण बाबांनी घड्याळ उतरवलं ते उतरवलंच.

टिल्लीचा जीव खालीवर झाला. त्याच भिंतीसाठी तर ती महिनाभर नव्या घड्याळाची प्लायवूडची तबकडी घासत, रंगवत होती. पण हार मानेल ती टिल्ली कसली! तिने आकडे पुसून पुन्हा काढले, उलटे, उलट्या क्रमाने.

"आरशात सरळ दिसतील. मान वळवायचं कामच नाही."

"आणि काटे?" दादाने विचारलं. "त्यांना उलटं चालायला तू समजावणार?"

टिल्लीने जीभ चावली. काटे ती साफ विसरली होती.

मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तिने घड्याळाचं मशीन उघडलं. आतली लोखंडी पट्टी चिमट्याने उचलून पालथी बसवायची होती, म्हणजे काटे उलटे फिरतात. एक चक्र टुणकन उडून कपाटाखाली गेलं. दादा मुकाट्याने पोटावर झोपून ते शोधायला लागला, म्हणजे बघा. शेवटी सेल घातला आणि सेकंदकाटा उलटा निघाला.

"एकच गिऱ्हाईक," बाबा सलूनच्या भिंतीवर ते टांगत म्हणाले. "त्याने मान हलवली, तर हे घरी."

आणि आले कोण? ड्रायव्हरकाकाच, कानाखाली पट्टी लावून.

वस्तरा गळ्यावर आला तेव्हाच काकांना आरशात निळी तबकडी दिसली. "हे कधी लावलं?" त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. टिल्लीला ओरडावंसं वाटलं, काका, आरशातच बघा. पण ती ओरडली असती तर ते तिच्याकडेच वळले असते. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाबांचा हात जागच्या जागी थांबला.

काकांनी डोळे बारीक केले.

"सव्वाअकरा? मेलो. आटप बाबा, बायको स्टॉपवर उभी असेल."

मान तसूभरही हलली नव्हती.

वस्तरा पुन्हा सरसर फिरू लागला. काका पळाल्यावर बाबा भिंतीपाशी गेले आणि तबकडी हलवून बघत राहिले.

"हा खिळा तकलादू आहे गं," ते म्हणाले. "दादाला म्हणावं, मोठा आण."