मावशीने दिलेला शब्द

मनस्वीचे बाबा, हरिश्चंद्र आग्रे, शिमग्यातल्या नमनाच्या खेळात लुगडं नेसून मावशी झाले की पोट धरून हसला नाही असा माणूस वाडीत सापडायचा नाही. गौळणींची राखण करणारी ही मावशी वीस वर्षं दर शिमग्यात कृष्णाच्या हातून फसत आली. कंबर काय हलवायचे, लाजायचे काय! घरात मात्र या माणसाच्या तोंडून धड शब्द निघायचा नाही. सगळं हसू गावात वाटून झाल्यावर घरच्यांना काय उरणार?

मनस्वीचं मन नितेशवर बसलं होतं. तो पावसच्या बागांमध्ये आंबे काढायला जायचा आणि नमनात कृष्ण व्हायचा. कुणकुण लागताच बाबांनी तिचा फोन काढून घेतला आणि लोटे गावातल्या कंपनीतला एक मुलगा ठरवून टाकला. तिला विचारलंसुद्धा नाही.

मग नितेशने भर नमनात डाव टाकला. सोंगातलं बोलणं लिहिलेलं नसतं, ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. देवीची पालखी समोर सहाणेवर, तिच्या मानाच्या ओट्यावर, होती. कृष्णाने मावशीची वाट अडवली.

"मावशे, दही नको, लोणी नको. तुझी मनू दे मला."

बायकांत बसलेली मनस्वी गुडघ्यांवर उठून बघायला लागली.

मावशीने पदर तोंडाशी नेला. "ने रं मेल्या, ने! माज्या डोक्याचा ताप तरी जाईल!"

टाळ्या, शिट्ट्या, नुसता धुमाकूळ. देवीसमोर दिलेला शब्द! तो फिरवायची वाडीत कुणाची छाती नव्हती. मनस्वी आनंदाने रडली.

सकाळी नितेश आपल्या आईला, सावित्रीकाकूला, घेऊन नारळ-साखरेसह दारात हजर. बाबा पडवीत बसले होते. डोळ्यांतलं काजळ अजून पुसलेलं नव्हतं.

"शब्द मावशीनं दिलान," ते म्हणाले. "तिच्याकडं माग. मी बापूस हाय."

आणि खांद्यावर नसलेला पदर त्यांनी झोकात सावरला.

काकूला हसू फुटलं. दाराआड मनस्वी कान देऊन उभी होती. आता नितेश बोलेल, भांडेल, निदान नारळ तरी आपटेल.

नितेशही हसला. अगदी मनापासून, मांडीवर थाप मारून. मग नारळ काखेत मारून आईच्या मागोमाग पायऱ्या उतरला.

बाबांचा राग तिला कधीचाच होता. नितेशचा त्या सकाळी पहिल्यांदा आला. लोट्याला संसार थाटून चार वर्षं झाली, बाबांवरचा निवलासुद्धा. नितेशवरचा अजून तसाच आहे.